शेंगदाणा नाही, असे कोण सांगणार?

दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर मुनिरका हे स्थानक आहे. एका बाजूला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर, थोड्याच अंतरावर आयआयटी, आणि मधोमध जुने मुनिरका गाव. गाव म्हणायचे ते नावापुरतेच. चार-पाच मजली इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की समोरच्या घरातील फोडणीचा वास आपल्या खोलीत आधी येतो. एका मजल्यावर नागालँडची मुले, दुसऱ्यावर बिहारची, तिसऱ्यावर लातूर-सोलापूरकडची. एकाच जिन्यात मोहरीच्या तेलाचा, आंबवलेल्या सोयाबीनचा आणि भाजलेल्या दाण्यांचा वास एकमेकांत मिसळतो. अन्नाची ॲलर्जी नसलेल्या माणसाला ही वस्ती म्हणजे भारतीय खाद्यसंस्कृतीचे चालतेबोलते संग्रहालय वाटेल. ज्याला ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी मात्र तीच वस्ती म्हणजे दिवसातून तीनदा सोडवावी लागणारी प्रश्नपत्रिका असते.

समजा, या वस्तीत सोलापूरकडून आलेली एक संशोधक विद्यार्थिनी राहते आणि तिला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. सोलापूरच्या मुलीला शेंगदाणा वर्ज्य असणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. चटणीत शेंगदाणा, भरल्या वांग्यात शेंगदाणा, कोशिंबिरीत शेंगदाणा, उपवासाच्या खिचडीत तर शेंगदाणाच. पण घरी तिला एक मोठा आधार होता: शेंगदाणा कुठे असतो, हे सर्वांना ठाऊक होते. दिल्लीत तो आधार सुटतो. शेजारच्या खोलीतून आलेल्या वाटीत काय आहे, डबेवाल्या काकूंच्या रश्शाला दाटपणा कशाने आला आहे, हे ती सांगू शकत नाही. मग ती जे आजची पिढी करील तेच करते. संगणक उघडते आणि शोधते: ‘शेंगदाण्याशिवाय पाककृती’.

वरवर पाहता ही किरकोळ मागणी आहे. पाककृतींचा साठा घ्यावा, ज्यांत शेंगदाणा आहे त्या वगळाव्यात, उरलेल्या दाखवाव्यात. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे काम एका दुपारी करून दाखवील. आणि त्याने केलेले यंत्र धोकादायक असेल.

ते का, हे समजून घेण्यासाठी मुनिरक्यापासून फार दूर जावे लागत नाही. त्याच मेट्रोने कालकाजी मंदिरापर्यंत जावे, तेथे गाडी बदलून पुढच्याच गोविंदपुरी स्थानकावर उतरावे. ओखल्यातील इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयआयआयटी-दिल्ली, तेथे आहे. पाककृतींना शास्त्रीय विदा मानून त्यांचा अभ्यास करणारे भारतातील एक महत्त्वाचे काम या संस्थेत डॉ. गणेश बागलर यांच्या गटाने उभे केले. बागलर यांचा आधीचा एक शोधनिबंध भारतातील विमानतळांच्या जाळ्यावर होता. विमानतळ हे बिंदू, उड्डाणे या रेषा, आणि त्या जाळ्याचे गुणधर्म सांख्यिकीय भौतिकीच्या पद्धतींनी तपासायचे. याच पद्धतीने पदार्थांकडेही पाहता येते: घटक हे बिंदू, आणि दोन घटकांत सामायिक असलेले स्वादरेणू म्हणजे त्यांना जोडणारी रेषा. असे जाळे २०११ साली योंग-योल आन, अल्बर्ट-लास्लो बाराबासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडले होते. पाश्चात्त्य पाककृतींत सामायिक स्वादरेणू असलेले घटक एकत्र येण्याकडे कल असतो, असे त्यांना आढळले.

२०१५ साली बागलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न भारतीय स्वयंपाकाला विचारला. तरला दलाल यांच्या संकेतस्थळावरील २,५४३ पाककृती त्यांनी तपासल्या. आठ प्रादेशिक शैलींत महाराष्ट्रीय शैलीही होती. उत्तर उलटे आले. आपल्याकडे एकमेकांशी स्वादाने न जुळणारे घटक एकत्र येतात, आणि या विरोधाच्या मुळाशी मसाले आहेत. पुढे २०२० साली याच गटाने ‘रेसिपीडीबी’ हा साठा प्रसिद्ध केला. सहा खंड, २६ भूसांस्कृतिक प्रदेश, ७४ देश, १ लाख १८ हजारांहून अधिक पाककृती, २० हजारांहून अधिक घटक आणि उकळणे, भाजणे, परतणे अशा २६८ क्रिया. माणसाने सैलपणे लिहिलेल्या ओळीतून घटकाचे नाव, प्रमाण, एकक आणि अवस्था यंत्राकरवी वेगळी काढणे, हे या कामाचे खरे कष्ट.

हा साठा ॲलर्जीग्रस्तांसाठी म्हणून रचलेला नव्हता. पण त्यांच्यासाठी कोणतेही शोधयंत्र करायचे म्हटले, तर पाया असाच लागेल. आणि पाया घातल्यावरच लक्षात येते की अवघड प्रश्न पुढे आहे.

पहिली अडचण नावांची. मराठीत ‘दाणे’ म्हटले की शेंगदाणे. पण ‘दाणे’ हा शब्द असलेले सारे वगळले, तर साबुदाणा, मेथीदाणे आणि मटारचे दाणेही निरपराध असून बाहेर जातात. उलट बंगालीत शेंगदाण्याला ‘चिनाबादाम’ म्हणतात. भोळे यंत्र त्याची नोंद बदामात करील. सोलापूरच्या मुलीच्या कानावर कानडी असतेच: तिथे ‘कडले’ म्हणजे हरभरा आणि ‘कडलेकाई’ म्हणजे भुईमुगाची शेंग. एका अक्षरसमूहाच्या अंतरावर एक पदार्थ तिच्यासाठी अन्न आहे आणि दुसरा विष. मुनिरक्याच्या जिन्यातला तो आंबवलेल्या सोयाबीनचा वास घ्या. नागालँडमध्ये त्याला अखुनी म्हणतात, मणिपुरात हवाइजार, मेघालयात तुंगरिमबाई, सिक्कीममध्ये किनेमा. सोयाबीनची ॲलर्जी असलेल्या माणसाने ‘सोयाबीन’ हा शब्द शोधला, तर यांतले एकही नाव त्याच्यापुढे येणार नाही. म्हणजे यंत्राला आधी शब्दकोश हवा, आणि तो एका भाषेचा असून चालणार नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आपल्या स्वयंपाकात पुष्कळदा घटक हाच एक पदार्थ असतो. मेतकूट हा पाककृतीतला एक शब्द. पण त्याच्या पोटात हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, गहू, मोहरी, मेथी आणि हिंग आहे. थालीपिठाची भाजणी तशीच. गोड्या मसाल्यात तीळ आणि खोबरे असते, पण ‘दोन चमचे गोडा मसाला’ या ओळीत तीळ दिसत नाही. हे सारे झाडासारखे उलगडत जावे लागते: शब्दाच्या फांद्या, फांद्यांच्या उपफांद्या, आणि प्रत्येक घरात झाड थोडे वेगळे. हिंगाचेच पाहा. २०२० च्या ऑक्टोबरात पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने लाहौल खोऱ्यात हिंगाचे रोप लावले, तेव्हा ती राष्ट्रीय विज्ञानवार्ता झाली, आणि ते योग्यच होते. पण आपल्या डब्यातील हिंग हा बहुधा निव्वळ हिंग नसतो. मूळ राळ अतिशय उग्र असल्याने तिच्यात डिंक आणि पीठ मिसळून तो बांधला जातो. ते पीठ अनेकदा गव्हाचे असते, कधी तांदळाचे. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाने आईला फोन करून विचारावे, “आई, आमटीत हिंग कुठला घालतेस?” आणि आईने म्हणावे, “अरे, हिंग तो हिंगच की!” दोघांचेही बोलणे खरे असते आणि तरीही मधली माहिती हरवलेली असते.

तिसरी अडचण क्रियेची. घाण्याच्या तेलाचे कौतुक सध्या महाराष्ट्रात पुन्हा वाढले आहे. शेंगदाण्याच्या तेलाबाबत १९९७ साली ब्रिटनमध्ये एक काटेकोर चाचणी झाली. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० जणांना शुद्धीकृत आणि कच्चे, अशी दोन्ही तेले देण्यात आली. कोणाला केव्हा कोणते दिले, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. शुद्धीकृत तेलाने कोणालाही त्रास झाला नाही. कच्च्या तेलाने सहा जणांना झाला. कारण ॲलर्जी तेलाची नसते, तेलात राहून गेलेल्या प्रथिनाची असते, आणि शुद्धीकरणात ते जवळजवळ निघून जाते. आता ‘एक पळी गोडे तेल’ या ओळीचे यंत्राने काय करावे? तेल कशाचे आणि ते घाण्याचे की रिफाइंड, हे पाककृती लिहिणाऱ्या गृहिणीने लिहिलेले नाही. लिहिण्याचे तिला कारणही नव्हते.

येथे या साऱ्या प्रश्नाचा गाभा सापडतो. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने नवख्या हातांना स्वयंपाक शिकवून गेले. पण कोणतीही पाककृती काय घालायचे ते सांगते. काय नाही ते सांगत नाही. ॲलर्जीग्रस्त माणसाचा प्रश्न नेमका दुसरा असतो. भौतिकशास्त्रात या दोन प्रश्नांतला फरक जिवापाड जपतात. कृष्णद्रव्याचा कण शोधणारा प्रयोग काही न सापडता संपला, तर ‘असा कण नाही’ असे कोणी लिहीत नाही. ‘आमच्या उपकरणाच्या या संवेदनशीलतेपर्यंत तो आढळला नाही’ असे लिहितात. न मोजलेले आणि मोजून शून्य आलेले, या दोहोंसाठी तक्त्यात एकच चिन्ह वापरणारा विद्यार्थी पहिल्याच महिन्यात बोलणी खातो. पाककृतींच्या साठ्यात मात्र ही चूक सर्रास होते. ओळीत शब्द आढळला नाही, की यंत्र त्याला ‘नाही’ समजते.

या मौनाची किंमत काय असते, हे नताशा एडनान-लापरूज या पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीच्या मृत्यूने जगाला कळले. जुलै २०१६ मध्ये विमानप्रवासापूर्वी तिने विकत घेतलेल्या पावाच्या कणकेतच तीळ होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. दुकानातच तयार करून बांधलेल्या पदार्थावर तो छापण्याचे बंधन तेव्हाच्या कायद्यात नव्हते. तिने लेबल वाचले होते. लेबल गप्प होते. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १ ऑक्टोबर २०२१ पासून तेथे लागू झाला.

आपल्याकडेही कायदा आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची यादी आहे: ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचफळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरील सल्फाइट. यादी उपयुक्त आहे, पण तिच्यात तीळ नाही, मोहरी नाही आणि हरभरा नाही. युरोपच्या १४ घटकांच्या यादीत तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तीळ समाविष्ट केला. हरभरा मात्र त्यांच्याही याद्यांत नाही, कारण तो त्यांच्या ताटात तितका नाही. आपल्या ताटात तो बेसन, डाळ, फुटाणे, सत्तू अशा दहा रूपांनी आहे. मुंबईच्या पाटील, निफाडकर आणि बापट या संशोधकांनी २००१ साली हरभरा हा भारतीय उपखंडातील एक प्रमुख ॲलर्जीकारक असल्याचे दाखवले. त्याआधी १९९७ मध्ये त्यांनी मेथीच्या ॲलर्जीचीही नोंद केली होती. परदेशी यादी उचलून बांधलेले शोधयंत्र म्हणूनच मराठी घराला पुरणार नाही. यादी इथल्या ताटावरून आणि इथल्या रुग्णालयांतील निरीक्षणांवरून करावी लागेल.

बदली घटक सुचवण्याचा मोह तर आणखी जपून आवरावा लागतो. शेंगदाण्याऐवजी काय, असे विचारल्यावर स्वादाचे जाळे त्याच्या जवळचा स्वाद असलेला घटक सुचवील. पण भाजलेल्या दाण्याचा खमंगपणा पायराझीन वर्गातील लहान, उडून जाणाऱ्या रेणूंचा असतो. त्यांचे वस्तुमान शे-दीडशे डाल्टनच्या आसपास. ॲलर्जी आणणारे शेंगदाण्यातील प्रथिन त्याच्या शंभरपटीहून जड असते. शरीरातील आयजीई प्रतिपिंडे त्या प्रथिनाचा आकार ओळखतात. स्वाद त्यांना कळत नाही. म्हणून जिभेला जवळचे वाटणारे दोन घटक प्रतिकारसंस्थेला परके असू शकतात, आणि काजू व पिस्ता यांच्यासारखे दोन वेगळ्या चवींचे घटक प्रतिकारसंस्थेला जवळजवळ एकच वाटू शकतात. कुटाऐवजी तिळाचे कूट सुचवणारे यंत्र एका ॲलर्जीकारकाच्या जागी दुसरा ठेवून मोकळे होईल.

आता थोडे गणित. यंत्र घटकाची एक ओळ ९९ टक्के वेळा अचूक वाचते असे समजू. ऐकायला हे उत्तम वाटते. पण पाककृतीत दहा ओळी असतील, तर त्या सर्वच्या सर्व अचूक वाचल्या जाण्याची शक्यता ०.९९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.९० उरते. दर दहा पाककृतींत एकीत कुठेतरी चूक. त्यातील प्रत्येक चूक घातक नसेल; पण कोणती असेल, हे यंत्राला ठाऊक नसते. शिवाय चुकांचे मोलही सारखे नाही. निर्धोक पदार्थ चुकून वगळला, तर एक जेवण हुकते. धोक्याचा पदार्थ चुकून दाखवला, तर श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो आणि ॲड्रेनॅलिन मिळेपर्यंतची मिनिटे मोजावी लागतात.

मग सारेच वगळावे का? तेही नाही. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रक्ततपासणीनुसार किमान एका अन्नघटकाबाबत संवेदनशील आढळलेल्यांचे प्रमाण चौघांत एकाहून किंचित अधिक होते. प्रत्यक्ष लक्षणांसह संभाव्य अन्नॲलर्जी असलेले मात्र सुमारे १.२ टक्के. केवळ तपासणीच्या कागदावरून ताट रिकामे करणारे यंत्र शेकडो माणसांना विनाकारण उपाशी ठेवील. काय टाळायचे हे वैद्याने ठरवावे. ते कुठे दडले आहे हे यंत्राने शोधावे.

म्हणून या यंत्राला दोन उत्तरे पुरत नाहीत, तीन हवीत. ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’. ‘नाही’ हे उत्तर तेव्हाच, जेव्हा प्रत्येक घटक शेवटच्या फांदीपर्यंत उलगडला गेला असेल. बाकी सर्वत्र ‘माहीत नाही’, आणि त्यासोबत काय विचारायचे तेही: हिंग कशात बांधलेला आहे? तेल घाण्याचे की रिफाइंड? मसाला घरचा की विकतचा? असे यंत्र दिसायला कमी हुशार वाटेल. आजच्या भाषाप्रतिमानांच्या काळात तर अधिकच, कारण ती कशालाही अडत नाहीत. २०२३ साली न्यूझीलंडमधील एका सुपरमार्केट साखळीच्या पाककृती सुचवणाऱ्या यंत्राने, ग्राहकांनी घरातील रसायनांची नावे दिल्यावर, क्लोरीन वायू तयार होईल असे पेय आत्मविश्वासाने सुचवले होते. ज्याला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘नाही’वर जीव टांगता येत नाही.

मुनिरक्यातल्या त्या मुलीला पुरेसा असणारा साठा अजून पूर्ण व्हायचा आहे, आणि तो केवळ प्रयोगशाळेत पूर्ण होणार नाही. वगळण्याचे गणित सोपे आहे. गाळलेली माहिती भरण्याचे काम मोठे आहे, आणि ते मराठी स्वयंपाकघरांनाच करावे लागेल. आपल्या घरची पाककृती कुणाला लिहून देताना मसाल्याचे घटक लिहावेत. तेल कशाचे आणि कसे काढलेले ते लिहावे. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरे एकदा वाचून कोणते पीठ आहे ते लिहावे. ज्या खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये रोज दाण्याचे कूट होते, त्यातच ही चटणी वाटली असेल, तर तेही एका ओळीत लिहावे. चार ओळी वाढतील. कुठल्यातरी अनोळखी शहरात, कुठल्यातरी जिन्यात, वाटी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्या चार ओळी लागणार आहेत.